सिमॉनच्या मरणाची बातमी

कोणतीही भाषा एकटी मरत नाही. शेवटच्या घटकेला तिचं कुटुंब तिच्या उशाशी असतं. हे वाक्य डॉक्टर इल्से या भाषाशास्त्राच्या बाईंनी केपटाउनहून येऊन डोर्कस टिटीसच्या स्वयंपाकघरात उच्चारलं, आणि उच्चारून झाल्यावर थोडा वेळ खाली मान घालून बसल्या. डोर्कसचा या बाबतीतला अनुभव वेगळा होता. जुलैत तिचा धाकटा भाऊ सिमॉन अपिंग्टनच्या दवाखान्यात गेला, तेव्हा त्याच्या उशाशी सलाइनची दांडी होती, आणि कुटुंब, म्हणजे डोर्कस, खाली चहाच्या रांगेत उभं होतं.

तेव्हापासून तिच्या अंगावर काळा झगा आणि डोक्याला काळा रुमाल होता. आता सप्टेंबर लागला होता, तिकडचा हिवाळा सरून पत्रे तापायला लागले होते, तरी काळं उतरलं नव्हतं. रोझडेल वस्तीतल्या बायकांना वाटायचं, म्हातारीचं भावावर फार प्रेम. प्रेमाचं माहीत नाही. दोघं चाळीस वर्षं एकाच आवारात राहिली आणि रोज सकाळी कुंपणाच्या तारेशी उभं राहून भांडली. कधी शेळीवरून, कधी कोल्ह्याला आपला बाप नेमकं काय म्हणायचा यावरून. भांडण नू भाषेत व्हायचं. त्या भाषेत भांडू शकणारी जगात दोनच माणसं होती आणि ती एकमेकांना पुरेशी होती.

(नूच्या आधी जीभ दातांवर आपटून एक आवाज काढावा लागतो. तो देवनागरीत लिहायची सोय नाही. इंग्रजीतही नाही, तिथे एक उभी रेघ ओढून वेळ मारून नेतात.)

काळं न उतरण्याचं कारण वेगळं होतं. डोर्कसच्या आईच्या माणसांत असा रिवाज होता की मरणाची बातमी एकदा नीट सांगावी लागते. ती ऐकणारा नात्यातला हवा, मरणाच्या वेळी हजर नसलेला हवा. दोघांनी जमिनीवर बसायचं. ऐकणाऱ्याने मुठीत वाळू धरायची आणि सांगणाऱ्याने पहिल्या दुखण्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत सगळं सांगायचं, मेलेला ज्या भाषेत बोलायचा त्याच भाषेत. सांगून झालं की ऐकणारा मूठ उघडून वाळू सोडतो, ‘ऐकलं’ म्हणतो, आणि मेलेल्याबद्दल एक प्रश्न विचारतो. एकच. त्याचं उत्तर खरं द्यावं लागतं. मग मेलेला सुटतो आणि सांगणाराही. तोपर्यंत काळं उतरत नाही आणि मेलेल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. इतर घरांत असंच करत की नाही, हे सांगायला आता इतर घरं उरली नव्हती.

तर सिमॉनची बातमी घशात अडकून होती. पाद्र्याला तिने आफ्रिकान्समधून, म्हणजे मळेवाल्या गोऱ्यांच्या भाषेतून, सांगितली होती, पण ती कागदपत्रापुरती. तिला ओमा, म्हणजे आजी, म्हणणारी नात शार्नेल सुपरमार्केटात गल्ल्यावर बसायची. तिला नूमधले चाळीस शब्द येत, त्यातले तीस प्राण्यांचे. त्या प्राण्यांपैकी बरेचसे आता नव्हते. तिला काय सांगणार?

आणि नेमकं याच वेळी बाई कुटुंबाचं म्हणत होत्या.

“कुटुंब म्हणजे?” डोर्कसने विचारलं. “कुठं आहे?”

इल्सेबाईंनी टेबलावरचं चर्चचं पत्रक उलटं केलं आणि पाठकोऱ्या बाजूवर एक झाड काढलं. शेंड्याला लिहिलं, तुऊ. त्याला दोन फांद्या. उजव्या फांदीला त्यांनी सात-आठ नावं टांगली आणि शेवटचं सोडून एकेका नावापुढे क्रूस काढत गेल्या.

“हे कोण?”

“या भाषा आता बोलल्या जात नाहीत, ओमा.”

“मेल्या म्हण की. बाई, कुटुंब काढते म्हणालीस, कबरस्तान काढलंस.”

“ही शेवटची तुमची. नू.”

“तिला क्रूस नाही दिलास?”

“अजून नाही,” बाई म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने डाव्या फांदीवर बोट ठेवलं. “ही ता भाषा. सीमेपलीकडे, बोट्स्वानात. हजारो माणसं बोलतात अजून. तुमच्या भाषेला या जगात सख्खं म्हणावं असं एवढंच उरलंय. फार जुन्या काळी दोघींची आई एक होती.”

डोर्कसने चष्मा कपाळावरून खाली घेतला. “आणि नामा लोक? तेही जीभ आपटतात.”

“ते वेगळं कुटुंब. उत्तरेकडचे जू, ते तिसरं. आवाज सारखे आहेत, कारण शेकडो वर्षं शेजार आहे. नातं आहे असं आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.”

“बरोबर आहे. एका बोअरिंगवर पाणी भरलं म्हणून कुणी मेव्हणा होत नाही.” तिने डाव्या फांदीवर नख आपटलं. “यातलं थोरलं कोण? मी की हे?”

“भाषांमध्ये थोरलं-धाकटं नसतं, ओमा.”

“मग नातं कसलं? थोरलं कोण ते कळल्याशिवाय कुणी कुणाला हाक तरी कशी मारायची?”

डोर्कसने पत्रकाची घडी करून ती झग्याच्या खिशात ठेवली. बाईंना वाटलं, झाड आवडलं. डोर्कसच्या दृष्टीने तो पत्ता होता.

ही चूक बाहेरचा माणूस करणार नाही. बाहेरच्याला ठाऊक असतं की भाषेची बहीण म्हणजे बोलायची पद्धत असते. त्या बहिणीकडे लग्नाचं बोलावणं घेऊन कुणी जात नाही. पण डोर्कसच्या माणसांत नातं ही बोलायची पद्धत कधीच नव्हती. नातं असलं की ते चालवायचं असतं. आणि चालवायला तिच्याकडे एक काम तुंबलेलंच होतं.

चोवीस सप्टेंबरला वारसा दिन. त्या निमित्ताने नगरपालिकेने मेळावा ठरवला, इल्सेबाईंच्या युनिव्हर्सिटीने गाडी दिली, आणि बोट्स्वानातून ता भाषा बोलणारा एक वृद्ध आणायचं ठरलं. डोर्कसने आपली तपकिरी शेळी कापायला दिली.

“ओमा, तिथं जेवण पालिकेचं आहे,” शार्नेल म्हणाली. “मटण पॅटिस आणि थंड पेय. शेळी कशाला?”

“नातलग पहिल्यांदा येतोय. त्याला पालिकेच्या हातचं घालू?”

“नातलग? ओमा, तुम्ही कधी बघितलंय तरी का त्याला?”

“तुझ्या बापाला तू किती वेळा बघितलंस? तरी आडनाव लावतेसच ना?”

हा मुद्दा बिनतोड होता आणि ओमा तो दर दोन महिन्यांनी वापरायची.

मेळाव्याच्या सभागृहात व्यासपीठामागे भला मोठा बॅनर होता: आम्ही सारे एक कुटुंब. त्याखाली एक नामा गायकवृंद, दोन जू पुरुष, चार नगरसेवक आणि डोर्कस. इल्सेबाई बॅनर लावणाऱ्याला हलक्या आवाजात समजावत होत्या की ही तीन वेगळी कुटुंबं आहेत, शास्त्राप्रमाणे. बॅनरवाला म्हणाला, “बाई, तीन बॅनरचं मंजूर नाही.”

अकरा वाजता पांढरी गाडी आली. सातशे किलोमीटर आणि एक सीमा ओलांडून, गुडघे धरत, एक वाळकासा म्हातारा उतरला. खाकी कोट, हातात टोपी. नाव गालेबोए. डोर्कस काळ्या झग्यात पुढे झाली. फोन वर झाले. इल्सेबाईंनी एका हाताने दुसरा हात घट्ट धरला होता.

डोर्कसने नूमध्ये विचारलं, वाट कशी होती.

गालेबोएने लक्ष देऊन ऐकलं. मग त्याच्या भाषेत तो काहीतरी बोलला. बरंच बोलला.

डोर्कसने लक्ष देऊन ऐकलं. आवाज सगळे ओळखीचे होते. दातांवरचा, टाळूवरचा, गालातला, चारही बाजूंनी घरच्यासारखा खडखडाट. जणू शेजारच्या खोलीत आपलीच माणसं बोलताहेत आणि मधल्या भिंतीतून फक्त सूर येतोय. शब्द एकही येत नव्हता. तिने पुन्हा विचारलं, हळू. त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने. माणसाला कळलं नाही की त्याला बहिरा समजायची पद्धत दोन्ही फांद्यांवर एकच होती.

एवढ्यात मागच्या दाराने शेळीच्या मटणाचं पातेलं आत आलं. डोर्कसने तिकडे बोट करून ओठांनी मुका घेतल्यासारखा आवाज काढला आणि शब्द पुरा केला. गालेबोएचे डोळे मोठे झाले. त्यानेही तसाच ओठांचा आवाज काढला. मांस! दोघांनी आळीपाळीने तीन वेळा मांस म्हटलं. इल्सेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ओठांचा तो आवाज जगात फार थोड्या भाषांत आहे म्हणे. टाळ्या पडल्या. दोन हजार वर्षांच्या ताटातुटीनंतर, असं एक नगरसेवक माइकवर म्हणाला. दोन हजार हा आकडा त्याने कुठून आणला ते त्याने सांगितलं नाही.

मांसानंतर पुढे काही नव्हतं. डोर्कस खुर्चीत बसली. खिशातलं पत्रक मांडीला टोचत होतं. नामा वृंदाने गाणं सुरू केलं.

जेवणाच्या रांगेत गालेबोए तिच्या मागे उभा होता. वाढणाऱ्या पोराने त्याच्या ताटात हाडच घातलं, तेव्हा तो अगदी सफाईदार आफ्रिकान्समध्ये म्हणाला, “पोरा, हे कुत्र्याचं ताट आहे असं वाटलं का तुला?”

डोर्कस गर्रकन वळली. “तुला आफ्रिकान्स येतं?”

“येतं म्हणजे? आमच्याकडे घान्झीच्या बाजूला गोऱ्या बोअर मालकांच्या गुरांमागे तेवीस वर्षं गेली. शिव्या तर मालकापेक्षा चांगल्या येतात. तुला?”

“माझं आयुष्य मळ्यावर गेलं, मनुके सुकवण्यात. घरातली भाषा तोंडातून निघाली की मालकीण लाटण्याने मारायची. माकडासारखं करू नका, म्हणायची.”

“आमच्याकडे चाबूक होता.”

“तुमच्याकडे गुरं होती ना, म्हणून.”

दोघं ताटं घेऊन बाहेर पार्किंगच्या सावलीत गेली. तासभर चांगलं बोलणं झालं. वय निघालं, ती चौऱ्याऐंशी, तो एकोणऐंशी. इल्सेबाईंना न सुटलेला प्रश्न असा ताटावर सुटला. डोर्कस थोरली. तो तिला ताई म्हणू लागला. दोन बहीण-भाषांचे वारस, ज्या भाषेने एकीला गिळलं आणि दुसरीवर चाबूक ओढला, त्याच भाषेत एकमेकांची चौकशी करत होते, आणि सभागृहाच्या आत त्यांच्या भेटीवर भाषण चालू होतं.

मग डोर्कसने बातमीचं सांगितलं. वाळू, मूठ, प्रश्न, सगळं.

“एवढंच ना?” गालेबोए म्हणाला. “सांग की. ऐकतो.”

“आफ्रिकान्समध्ये चालत नाही.”

“मग तुझ्या बोलीत सांग.”

“तुला कळणार नाही.”

“सरकारला आमचं काही कळतं का? तरी ते ऐकलं म्हणतंच. कागदावर लिहून देतं.”

डोर्कस हसली नाही. “प्रश्न विचारावा लागेल. त्याच्याबद्दल.”

“मी त्याला ओळखत नाही, ताई. त्याच्याबद्दल मला काय ठाऊक?”

“म्हणूनच विचारायचं असतं.”

त्याने हाड चोखून ताटात ठेवलं, कोटाला हात पुसले. “बरं. माझ्या बोलीत विचारीन. चालेल?”

चालेल की नाही हे ठरवणारी माणसं केव्हाच मेली होती. तिने आईला मनातल्या मनात विचारून पाहिलं. आई काही बोलली नाही. डोर्कसने ती परवानगी धरली. नात्यातला आहे, पत्रकावर तसं लिहिलेलं आहे. हजर नव्हता. एवढ्या दोन अटी तरी भागत होत्या.

सभागृहात सगळीकडे फरशी. वाळू मिळाली ती पार्किंगच्या कोपऱ्यात, भिंत बांधायला आणलेल्या ढिगाची. पलीकडे सिमेंटच्या गोण्या होत्या. गालेबोएने मूठभर उचलली, त्यातला खडा काढून टाकला, आणि दोघं ढिगाच्या पायथ्याशी बसली. कुणीतरी आत जाऊन सांगितलं असावं, कारण इल्सेबाई धावत आल्या आणि त्यांनी विचारलं, यंत्र ठेवू का?

“ठेव,” डोर्कस म्हणाली. “त्याला तरी कुठं कळतंय.”

मग ती सांगू लागली. सुरुवातीला अडखळली, दोन महिने हे शब्द तोंडात फिरले नव्हते. हिवाळ्यातला खोकला, पत्र्यावरचं दव, तो औषध शेळीला पाजायचा ते, दवाखान्याची गाडी, रात्री त्याचे पाय कसे थंड झाले ते. नाव न घेता, ‘तो’, ‘तो’ म्हणत. गालेबोए हलला नाही. मूठ मांडीवर ठेवून समोर बघत राहिला. शार्नेल आतून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला मधूनच एखादा प्राणी कळत होता.

सांगणं संपलं. गालेबोएने मूठ उघडली. वाळू ढिगाला मिळाली. त्याने आपल्या भाषेत एक शब्द म्हटला. मग जरा थांबून, तिच्याकडे बघून, एक प्रश्न विचारला. प्रश्नच होता, शेवटी सूर वर गेला होता.

डोर्कसला त्यातलं काही कळलं नाही. त्यामुळे तिला हवा तो प्रश्न तिने ऐकला. दोन महिने कुणीतरी विचारावा म्हणून ती थांबली होती, आणि कुणी विचारला असता तर पळून गेली असती, तो. उत्तर खरं द्यावं लागतं.

तिने सांगितलं की शेवटचं तो तिच्याशीच बोलला. वॉर्डात. आपल्या भाषेत बोलला, मोठ्याने, तारेशी उभं राहून बोलायचा तसा. म्हणाला, इथे वाळूचा वास येत नाही, खिडकी उघड. बाजूच्या खाटेवरच्या रुग्णाची मुलं हसली. एकाने जीभ टाळूवर आपटून दाखवली. आणि आपण, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, जिला मालकीण मरूनही तीस वर्षं झाली, आपण मान खाली घातली आणि त्याला आफ्रिकान्समध्ये म्हणालो: नीट बोल. लोक बघताहेत. त्याने बघितलं. मग तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर दोन दिवस तो कुठल्याच भाषेत बोलला नाही. खिडकी आपण उघडली नाही. उघडायला गेलो असतो तर पुन्हा त्यांच्यासमोरून जावं लागलं असतं. मग चहा आणायला खाली गेलो. चहाची गरज नव्हती.

हे सगळं सांगायला बराच वेळ लागला, कारण नूमध्ये ‘लाज वाटली’ असं एका शब्दात तिला सांगता येईना. काय केलं आणि कुठे बघितलं ते सगळं सांगावं लागलं. शेवटी तिने त्याचं नाव घेतलं. सिमॉन. मग डोक्याचा काळा रुमाल सोडला, झटकला आणि मांडीवर ठेवला. तिचे केस पूर्ण पांढरे होते. शार्नेलने ते जुलैपासून बघितले नव्हते.

गालेबोएने मान हलवली. इल्सेबाई सिमेंटच्या गोणीवर बसून रडत होत्या आणि त्यांच्या घागऱ्याला मागून सिमेंट लागलं होतं.

फेब्रुवारीत बाई पुन्हा आल्या. गालेबोएचं बोलणं त्याच्या गावातल्या एका शिक्षकाकडून भाषांतर करून घेतलं होतं. आता डोर्कसचं हवं होतं. जगात ते करू शकणारी ती एकटीच होती.

“मरणाची बातमी एकदाच सांगतात,” डोर्कस म्हणाली.

“ओमा, हे पुढच्या पिढ्यांसाठी आहे. आणि त्यांनी काय विचारलं होतं ते तुम्हाला…”

“मी उत्तर दिलंय,” डोर्कस म्हणाली. “चहा घेणार का?”

बाईंनी चहा घेतला. जाताना अहवालाची एक प्रत ठेवून गेल्या. डोर्कसने ती हातात घेतली, वजन केल्यासारखी खालीवर केली आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. पाय थांबला. रात्री ओमा झोपल्यावर शार्नेलने पाय उचलून अहवाल काढला आणि दिव्याखाली चाळला. पहिल्या पानावर तेच झाड होतं, सुबक छापलेलं. नूपुढे अजून क्रूस नव्हता, पण जागा सोडलेली होती. त्रेसष्टाव्या पानावर असं होतं:

गालेबोए: ऐकलं. (थांबून) परत जाताना मला पुढच्या सीटवर बसवतील का? मागे गुडघे आखडतात.

टिटीस: उत्तर, अकरा मिनिटं. भाषांतर उपलब्ध नाही.

शार्नेलने अहवाल पुन्हा पायाखाली ठेवला. परतीच्या वाटेवरही त्याला मागेच बसावं लागलं होतं. पुढच्या सीटवर बॅनर होता.